कावेरीचे दोनशे बारा पाठ

"कावेरी सानप कोण तुमच्यात?" मी विचारलं, तर वर्गातल्या सोळाच्या सोळा पोरांनी माना खाली घातल्या.

मला वाटलं, लाजतायत. डोंगरातली पोरं नवीन माणूस दिसलं की पहिली दहा मिनिटं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत काढतात. म्हणून मी हसून पुन्हा म्हटलं, "अरे, रागवायला नाही आले. बावन्न शाळांत पहिली आलीय ती. उभी राहा गं कावेरी, तुझा फोटो काढायचाय."

कुणी उभं राहिलं नाही. सतरंजीच्या कडेला बसलेल्या एका बारक्या पोरीनं शेजारच्या पोराला कोपर मारलं. त्यानं ते तसंच पुढच्याला दिलं. कोपर फिरत फिरत पहिल्या ओळीतल्या एका उंच पोरापर्यंत आलं आणि तिथं थांबलं.

"ती आज आली न्हाई," उंच पोरगा म्हणाला.

"मग उद्या येईल?"

"उद्या बी न्हाई."

"बरं, मग कधी?"

त्यानं बोटं मोजली. "पाडव्याला."

तेव्हा जानेवारी चालू होता. संक्रांत होऊन आठवडा झाला होता.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. मी त्या वेळी मुलांना टॅबवर गणित शिकवणाऱ्या एका संस्थेत होते. शिक्षण माझं दहावी. कॉम्प्युटर शिकले ती एका झेरॉक्सच्या दुकानात, मालक जेवायला गेला की बटणं दाबून दाबून. एकदा त्याचं अख्खं बिलबुक उडवलं तेव्हा ते परत कसं आणायचं हेही शिकले. संस्थेत मी आधी नुसती आकडे भरायची. मग एके वर्षी निनाद सर म्हणाले, "शेजवळताई, यंदाचा आराखडा तुम्हीच करा. तुम्हाला शाळा माहीत आहेत."

निनाद सर म्हणजे आमचे साहेब. पुण्याचे, वयानं माझ्या भाच्याएवढे, माणूस सरळ. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला आराखडा कर म्हणालं होतं. मी आठ दिवस घरी धड स्वयंपाक केला नाही. कोणत्या महिन्यात किती मुलांनी किती पाठ करायचे, ते कसं मोजायचं, सगळं मांडलं. तीन महिन्यांत ज्या मुलाचे निदान दहा पाठ झाले ते चालू मूल. शाळेतली शंभरातली चाळीस मुलं चालू असली तर शाळा हिरवी. त्याखाली पिवळी. अगदीच कमी असली तर लाल. लाल शाळेचे टॅब काढून गरजू शाळेला द्यायचे. आणि जे मूल सलग लाल, त्याचं खातं जूनमध्ये बंद करून ती जागा नव्या मुलाला द्यायची. हे शेवटचं कलम मला सर्वात आवडलं होतं. घरातसुद्धा मी न वापरलेली भांडी माळ्यावर ठेवत नाही, देऊन टाकते.

तांबडदरा वस्तीची शाळा लाल होती. तिसरी-चौथीची सतरा पोरं, त्यातली सोळा दिवाळीपासून साफ शून्य, आणि एकटी कावेरी सानप दोनशे बारा पाठांवर. बावन्न शाळांत दुसऱ्या नंबरचं मूल एकशे चाळीसवर होतं. म्हणून त्या दिवशी माझ्याकडे दोन कामं होती. कावेरीचा फोटो काढायचा, आणि टॅब खोक्यात घालून आणायचे. रिकामा खोका मी दाराबाहेर चपलांजवळ ठेवला होता, पोरांना दिसू नये म्हणून. पोरांना तो मी शाळेची पायरी चढायच्या आधीच दिसला होता, हे मला नंतर कळलं.

"पाडव्याला म्हणजे?" मी ढाकणे सरांकडे वळले. "आहे कुठे मुलगी?"

ढाकणे सर पन्नाशीचे, अंगानं किरकोळ, बोलायच्या आधी चष्मा पुसायची सवय. त्यांनी चष्मा पुसला. "कारखान्यावर. आईबापाबरोबर. ऊसतोडीला."

"कधीपासून?"

"दिवाळीची भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी ट्रक गेला."

"सर, परवाच्या शनिवारी तिच्या नावावर पाठ झालाय. बेरीज, वजाबाकी नाही, अपूर्णांकाचा."

"झाला असंल."

"ती तिकडं, टॅब इकडं. मग केला कुणी?"

मला राग आला. बावन्न शाळांतून मी असले प्रकार बघितले होते. एका ठिकाणी शिक्षक स्वतःच जेवणाच्या सुट्टीत बसून पाठ करायचे आणि पंचवीसच्या पंचवीस पोरं एकाच मिनिटाला हुशार व्हायची. पण ढाकणे सरांबद्दल मला असं वाटलं नव्हतं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "सर, निदान सगळ्यांच्या नावावर थोडे थोडे तरी करायचे. एकीच्याच नावावर दोनशे बारा? पकडले जाल एवढा तरी विचार करायचा."

सरांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मॅडम, मला तो टॅब नीट चालू बी करता येत नाही. विष्णू करून देतो."

विष्णू म्हणजे तो उंच पोरगा. तो उभा राहिला.

"आमी केलं," तो म्हणाला. "सरला कायी बोलू नका."

"आम्ही म्हणजे कोण?"

"समदे."

"आणि स्वतःचे का नाही केले?"

"एक टॅब हाय. एक तास असतो. पयलं कावेरीचं करायचं, मग आपलं. कावेरीचं होईपर्यंत घंटा होती."

"एक कसा? दोन दिलेत तुम्हाला."

"दुसरा फुटलाय," ढाकणे सर म्हणाले. "सप्टेंबरात अर्ज दिलाय दुरुस्तीचा. तुमच्याच नावानं."

तो अर्ज माझ्या टेबलाच्या डाव्या कप्प्यात होता. मला आठवला, अगदी त्यावरच्या चहाच्या गोल डागासकट. मी तो विषय वाढवला नाही.

"पण कावेरीचे कशासाठी करायचे?" मी विचारलं.

यावर कोपर मारणारी ती बारकी पोरगी बोलली. तिचं नाव दुर्गा खाडे. तिसरीतली, पण आवाज सातवीतला. "झाड वठतंय ना मॅडम."

आता हे झाड सांगितलं पाहिजे. त्या टॅबवर प्रत्येक मुलाच्या नावाचं एक आंब्याचं रोप असायचं. एक पाठ केला की एक पान फुटायचं. दहा दिवस कुणी फिरकलं नाही की पानं पिवळी, आणि महिना गेला की नुसत्या काटक्या उरायच्या. मुलांना गोडी लागावी म्हणून पुण्यातल्या कुणीतरी काढलेली युक्ती. बैठकीत ती पडद्यावर दाखवली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

"ती जाताना रडत होती," दुर्गा म्हणाली. "ट्रकात बसली तरी म्हनत होती, मपलं झाड वठंल. मपलं झाड वठंल. मग मी म्हनलं, आमी बघतो."

"बाकीच्यांचे आईबाप पण गेलेत ना?"

"गेलेत की. मपले बी गेलेत. पण आमाला आजी हाय. तिला आजी न्हाई, आन् तिचा भाऊ बारका हाय. त्याला कोपीवर कोण बघणार?"

कोपी म्हणजे उसाच्या फडाशेजारी पाचटाची बांधलेली झोपडी. नऊ वर्षांची पोर तिथं बसून दीड वर्षाचा भाऊ सांभाळत होती, आणि माझ्या तक्त्यात अपूर्णांक सोडवत होती.

ढाकणे सर हळू म्हणाले, "मॅडम, इथं निम्मी वस्ती जाते. जाणारा जाताना शेळी, कोंबड्या, दाराची किल्ली, सगळं मागं राहणाऱ्याकडं लावून जातो. मागचा राखण करतो. आल्यावर जसंच्या तसं हातात. कधी एक कोंबडी इकडची तिकडं झाली नाही. पोरांनी तेच केलं. मला कळलं डिसेंबरात. तवर शंभर पाठ झाले होते. काय सांगू त्यांना, राखण करू नका म्हणून?"

"मला कळवायचं होतं."

"कळवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

खोका बाहेर होताच.

एवढ्यात विष्णूनं कपाटातून एक वही काढून माझ्या हातात दिली. शंभर पानी, वर सरकारी पुस्तकाच्या कागदाचं कव्हर. "ह्यात लिवलंय, कुणी कोणता केला ते."

मी वही उघडली. प्रत्येक पाठाचा नंबर, खाली तो करणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली कावेरीसाठी तो पाठ समजावून लिहिलेला. म्हणजे तसा बेत होता. प्रत्यक्षात काय काय होतं सांगते.

पाठ एकोणचाळीस. मुक्ता बडे. "कावेरी ह्यात हातचा घ्यायचा इसरू नको. मी इसरले तर टॅब बोंबलला. तुज्या घराला कुलूप हाय मी रोज बघते."

पाठ एकशे चार. विष्णू घुगे. "भागाकार सोपा हाय. आदी मोठा आकडा बग त्यात बारका किती दा बसतो. शेळीच्या पिल्लाला जसं पाटीखाली बसवतो. एका पाटीत दोन. सात पिल्लं आसली तर तीन पाट्या आन एक वर राहतं. ते वर राहिलेलं म्हंजे बाकी."

पाठ एकशे पाच. दुर्गा खाडे. "तुजी शेळी व्याली. दोन पिल्लं. एक पांडरं. भागाकार मला कळला न्हाई तू आलीस की विष्णूला विचार. पन पाठ मी केला चार दा चुकून."

असं पानंच्या पानं. मी वीस शाळांत गणिताच्या तासाला मागं बसले होते, पण बाकी म्हणजे काय हे एवढं चांगलं मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचता वाचता मला हसू आलं, आणि पोरांना वाटलं सुटलो.

पण सुटलो नव्हतो. ना ती, ना मी. संध्याकाळपर्यंत मला टॅब आणले की नाही ते कळवायचं होतं.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर यायची. मी वही घेऊन तिथं चढले आणि निनाद सरांना फोन लावला.

"बोला ताई. मिळाले टॅब?"

"नाही."

"फोटो?"

"मुलगी नाही. ऊसतोडीला गेलीय."

"मग दोनशे बारा पाठ?"

"बत्तीस तिचे. बाकीचे एकशे ऐंशी वर्गातल्या पोरांनी केले. तिच्या नावावर."

"म्हणजे खोटी नोंद."

"सर, न केलेलं केलं म्हणून सांगणं याला खोटं म्हणतात. यांनी केलेलं सांगितलंच नाही."

निनाद सर हसले. मग लगेच गंभीर झाले, कारण त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "ताई, तुमचंच कोष्टक आहे. सतरातली सात मुलं चालू हवीत. मी काय करू?"

"त्यांनी वही ठेवलीय. कुणी कोणता पाठ केला ते सगळं आहे."

"तारखा आहेत?"

"पाठाचे नंबर आहेत. तारखा टॅबमध्ये आहेत. जुळतायत."

"मग त्या वहीवरून मुलांच्या नावांवर पाठ टाका. वहीचे फोटो जोडा. सात नावं आली तर शाळा राहिली. उद्या माझी बैठक आहे, त्याच्या आत... म्हणजे आज संध्याकाळी सहाला मला हवं. पण ताई, एक पाठ एकाच नावावर. मुलांना दिला की त्या मुलीचा गेला."

"मग ती बत्तीसवर जाईल. दिवाळीनंतर शून्य."

"हो."

"म्हणजे लाल. जूनला खातं बंद."

"तेही तुमचंच कलम आहे ना?"

होतं. माळ्यावर भांडी ठेवायची नाहीत.

मी खाली आले आणि पोरांना सगळं सांगून टाकलं. लहान मुलांना अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं ती स्वतःच्या मनानं भरतात आणि ते नेहमी आपल्या अर्ध्यापेक्षा भयंकर असतं. म्हटलं, वहीतले पाठ ज्याचे त्याच्या नावावर लावले तर टॅब इथेच राहतील. पण कावेरीचे कमी होतील, आणि जूनमध्ये तिचं नाव यादीतून जाऊ शकतं. न लावले तर तिचं नाव राहील, पण टॅबच जाईल.

"टॅब गेल्यावर नाव राहून काय करायचं?" मुक्ता म्हणाली. ती हिशोबी, शांत पोरगी.

"मग घ्या आपापले परत," एक जण म्हणाला.

"राखणीला ठिवल्यालं परत घेत्यात का?" विष्णू त्याच्यावर ओरडला. "तुह्या घरची किल्ली दुर्गाच्या आजीकडं हाय. तिनं घरात ऱ्हायला सुरू केलं तर चालंल?"

"घर आमचंच हाय की. पाठ आपुन केलेत."

"तिला दिलेत ना?"

वर्गात दोन तट पडले. ढाकणे सर खुर्चीत बसून होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "मला विचारू नका. त्यांचं त्यांना ठरवू द्या. मी बोललो की सगळे हो म्हणतील, आणि ते काही खरं नसतं."

चार वाजत आले होते. साडेचारच्या जीपनं गेले नाही तर मला मुक्कामच करावा लागला असता. मी वही मांडीवर घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात सात नावं निवडतही होते. पोरांनी ठरवलं नाही तर मीच ठरवणार होते. त्यांच्या नकळत. ते सोपं होतं.

"मॅडम," दुर्गा म्हणाली. "शेळी लावतो तसं लावा की."

"शेळी कशी लावता?"

"अर्धलीनं. कावेरीची शेळी आमच्याकडं हाय. दोन पिल्लं झाली. एक तिचं, एक आमचं. शेळी तिचीच. आमी चारा घातला, पाला आणला, म्हणून आमाला एक."

"त्यात परत घेतल्यासारखं होत नाही?"

"न्हाई. तिची माय जाताना सोताच म्हनली, अर्धलीनं ठेव. अर्धली घेतली न्हाई तर तिला वाईट वाटंल. फुकट राबवलं म्हनून."

विष्णू विचारात पडला. मग म्हणाला, "आसं असंल तर चालतंय."

मी उठून फळ्यापाशी गेले. बत्तीस कावेरीचे स्वतःचे, त्याला हात लावायचा नाही. ते म्हणजे शेळी. एकशे ऐंशी वर झाले. त्याचे अर्धे नव्वद. नव्वद कावेरीकडे, नव्वद राखण करणाऱ्यांकडे. एकाला दहा याप्रमाणे...

"नऊ जण," मुक्ता माझ्या आधी म्हणाली.

सात हवे होते. नऊ झाले. मी मागं वळून बघितलं तर सरांनी चष्मा काढला होता, आणि या वेळी ते पुसत नव्हते, नुसता हातात धरून बसले होते.

त्यानंतरची पंधरा मिनिटं म्हणजे बाजार. ज्यांचे वहीत वीसच्या वर पाठ होते असे पाचच निघाले. त्यांचे दहा-दहा बसले. उरलेल्या चाळिसांवरून भांडण. विष्णूचे एकट्याचे अडतीस होते, त्याचे निम्मे एकोणीस व्हायचे. तो म्हणाला, मला दहाच लावा, बाकीचे कावेरीला. दुर्गाचे सतरा होते, तिनं हट्ट धरला की चार वेळा चुकून केलेला पाठ चार धरायचा. मुक्तानं तिला शांतपणे सांगितलं की चार वेळा चुकलेला पाठ एकच असतो. "मग मी चारदा बसले ते कुटं गेलं?" दुर्गा म्हणाली. याचं उत्तर माझ्या आराखड्यात नव्हतं. शेवटी तिचे दहा धरले, आणखी तिघांचे दहा-दहा धरले, आणि नऊ नावं पुरी झाली. नऊही जणांनी दहाहून जास्तच पाठ खरोखर केले होते, वहीत होते, टॅबमध्ये होते. मी खोटं एकही लिहीत नव्हते. कमी मात्र लिहीत होते.

मी वहीचे फोटो काढले. टाकीवर चढून सहाच्या आत सगळं पाठवलं. जीप गेली होती. कावेरीच्या नावापुढे एकशे बावीस लिहिले आणि शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं: "अर्धलीनं."

अर्ध्या मिनिटात फोन.

"ताई, नऊ झाले, छान. पण हे शेऱ्यात काय? अर्धली?"

मी सांगितलं. शेळी, पिल्लं, चारा, सगळं. निनाद सरांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "हे मी पुढे काय म्हणून लिहू?"

"लिहू नका. नऊ मुलं लिहा. शेरा आपल्यापुरता आहे."

"आणि तिच्याकडचे नव्वद? ते तर तिनं केले नाहीत."

"नाही केले."

"मग?"

"मग पाडव्यापर्यंत थांबा, सर. राखण करणारा मालक आल्याशिवाय हिशोब देत नाही."

ते थांबले. एवढं मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते.

मुक्काम ढाकणे सरांकडे केला. रिकामा खोका सकाळी दुर्गाच्या आजीनं मागितला, पिल्लांना ऊब म्हणून. मी देऊन टाकला.

पाडवा झाल्यावर आठवड्यानं मी पुन्हा गेले. पुढच्या वर्षाचा आराखडा समजवायचं निमित्त होतं, आणि दुसरा टॅब दुरुस्त करून आणला होता. पण खरं सांगायचं तर मला झोप नव्हती. कारण एक गोष्ट मला टाकीच्या पायऱ्या उतरताना सुचली होती आणि मी ती कुणाला बोलले नव्हते. टॅबला अर्धली कळत नाही. माझ्या कागदावर काही असो, त्या टॅबच्या मते कावेरीचे दोनशे बारा पाठ झाले होते. ती येऊन तो उघडणार, आणि तो तिला पाठ दोनशे तेरा देणार. पोर बत्तीसवरून गेली होती. हातच्याची बेरीजसुद्धा जिची पुरी झाली नव्हती तिच्यासमोर अपूर्णांक येणार. मागं नेता येत नाही, पुण्याला विचारून झालं होतं. पोरांनी इतक्या मायेनं राखलेलं झाड तिला चढताच येणार नव्हतं.

वर्गात गेले तर ती खिडकीपाशी बसली होती. विचारावं लागलं नाही. हातांवर उसाच्या पानांचे बारीक बारीक चरे होते, केस उन्हानं तांबूस झाले होते. मांडीवर टॅब, शेजारी ती शंभर पानी वही उघडी, आणि ओठ हलत होते.

"कावेरी ना तू?"

तिनं मान हलवली, पण बोट वहीवरून काढलं नाही.

"कितवा पाठ चाललाय?"

"एकोणचाळीस."

मी वाकून बघितलं. हातच्याची बेरीज होती. वरच्या कोपऱ्यात झाड होतं, सहा-सात कोवळी पानं आणि बाकी काटक्या. नाव होतं दुर्गा खाडे.

"हे तर दुर्गाचं आहे."

"व्हय."

"तुझं नाही उघडलंस?"

"उघडलं. पयल्याच दिवशी. लई दाट झालंय." ती थोडी हसली. "मग ह्यांची बघितली. समद्यांची वठल्याली. मपल्यापायी. मपल्याला पाणी हाय, ह्यांच्या झाडाला कोण घालणार?"

सोळाच्या सोळा झाडं भाऊबीजेच्या आसपास थांबली होती. कुणाचं तिसाव्या पाठावर, कुणाचं पस्तीसाव्या. म्हणजे बरोबर तिथे, जिथे तिचं शिकणं सुटलं होतं. ती एकेकाचं झाड घेऊन तिथून पुढचे पाठ करत होती. अडलं की वहीत तोच नंबर काढून वाचत होती, आणि तिथं मुक्ता तिला सांगत होती की हातचा विसरू नको.

मागून विष्णू म्हणाला, "आमी नको म्हनलं मॅडम. ऐकतच न्हाई. म्हनती, मपलं घर राखलं तर मी तुमचं राखीन."

मी दुसरा टॅब ढाकणे सरांच्या टेबलावर ठेवला आणि आराखडा न समजावताच परत आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निनाद सर तक्ता उघडून बसले होते. मी समोर. तांबडदरा हिरवीगार होती, सतरातली सोळा मुलं चालू. ते खाली सरकले आणि थांबले.

"ताई, ही तुमची कावेरी. तीन महिन्यांत एकही पाठ नाही. गेली का परत?"

"नाही सर. रोज शाळेत होती. सुट्टीतसुद्धा."

"मग शून्य कसं?"

"तिच्याकडे राखण आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा पडद्याकडे. सोळा हिरव्या ओळी, त्यांच्या मधोमध एक लाल. त्यांना ते कळायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. खुर्ची जरा मागे सरकवून ते म्हणाले, "ताई, ते लाल मुलाचं खातं बंद करायचं कलम आहे ना तुमचं. ते काढून टाका."

"सर, ते मी जानेवारीतच काढलंय," मी म्हटलं. "तुम्ही सही केलीत त्यावर. वाचत जा जरा."